सातव्या महिन्यात शुगर निघाली, बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का?

जिंतूरकर:
बायकोला सातवा महिना चालू हाय, ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासानं रक्त घेतलं तर शुगर १६८. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे पथ्य करा, नाही उतरली तर इन्सुलिन. आई म्हणायली इन्सुलिन बाळाला बाधतं, अन् मोबाईलवर वाचलं की अशा लेकरांना ऑटिझम होतो. कुणाला माहिती हाय का?

लातूरची सिस्टर:
भाऊ, आधी मोबाईल ठिवा. या टेस्टला १४० पासून गरोदरपणातली शुगर धरतात, १६८ पथ्यानंबी उतरू शकते. इन्सुलिन वारेतून बाळाकडं जात नाही, साखर मात्र थेट जाते अन् ती पचवायला बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायलं असतं. नाळ कापली की साखर बंद पण इन्सुलिन अंगात तसंच, म्हणून पहिल्या काही तासात बाळाची शुगर धाडकन पडू शकते. ती लई खाली जाऊन बराच वेळ तशीच राहिली, झटके आले, तर मेंदूला धोका. म्हणून तासाभरात अंगावर पाजायचं, टाचेतून थेंब घेऊन शुगर बघतात, ४५ च्या खाली आली की लगेच इलाज. बाळ थरथरायलं, सुस्त पडलं, दूध ओढंना तर वाट बघू नका. अन् कुणी मध चाटवायला आलं तर दारातच अडवा.

बीडची माय:
मलाबी होती. ज्वारी चालते म्हणून सासूबाई भाकरीवर भाकरी वाढायच्या, शुगर कशाला हलतीय! भाकरी कमी, वरण-मेथी जास्त अन् जेवल्यावर फेरी, तवा १२० च्या आत आली. पोरगी आता घडाघडा पाढे म्हणती.

नांदेडवाला:
पण ऑटिझमचा संबंध संशोधनात दिसलाय ना?

लातूरची सिस्टर:
थोडा दिसलाय, पण बहुतेक लेकरं ठणठणीत असतात, अन् तो शुगरमुळंच की आईचं वजन, घराण्यातलं काही, हे नीट वेगळं निघालेलं नाही. आधीपासून डायबेटिस असला तर गोष्ट वेगळी, बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यातच बंद होते, तवा शुगर वाढलेली असली तर व्यंगाचा धोका असतो. जिंतूरकर, पहिल्या तपासणीत शुगर बघितली होती का? अन् पुढं बाळानं मान धरायला, बसायला उशीर केला तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला, म्हंजी लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर बघणाऱ्या केंद्रात, दाखवा, फुकट असतं.

जिंतूरकर:
हो, कार्डावर ११० लिहिलंय. पथ्य आजपासूनच, पण चहातली साखर बंद म्हणलं तर बाईसाहेब आत्ताच रुसून बसल्यात.