मदत हवी आहे: नवरीच्या डोळ्यांना मेटॅलिक आयशॅडो, वर लेन्स आणि होमाचा धूर

धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे, इथेच कोल्हापुरात. अक्षता दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी. सकाळच्या विधींना पिवळी साडी, अक्षतांना हिरवा शालू. दागिने आजीचे: साज, ठुशी, नथ. साजाचं सोनं जुनं, जरा लालसर झाकेचं आहे. त्याला जुळेल अशी तांबूस, ब्राँझकडे झुकणारी मेटॅलिक आयशॅडो तिला हवी आहे. ती सावळी आहे. रुपेरी रंग लावून बघितला तर पापणी राखाडी दिसायला लागली, म्हणून तो बाद.

अडचण अशी की तिला लेन्स लागतात आणि डोळे लगेच पाणावतात. ट्रायलला मेकअपवाल्या ताईंनी रंगावर सुटी चमकी लावली. तासाभरात कण गालावर उतरले आणि डाव्या डोळ्यात टोचायला लागलं, लेन्स काढावीच लागली. लग्नात तर होमासमोर बसायचं आहे, आणि वैशाखातली उकड तुम्हाला माहीत आहेच.

आई म्हणते, साधं काजळ घाला आणि मोकळ्या व्हा. पण अंतरपाटाआड नवरी मान खाली घालून उभी असते, मंगलाष्टकं संपेपर्यंत फोटोत तिच्या पापण्याच येतात. तेवढा वेळ त्या सुंदर दिसाव्यात असं मला मनापासून वाटतं. तिने फारसं काही मागितलेलं नाही, हे एकच मागितलंय.

चमकीशिवाय तशी झळाळी येते का? क्रीम घ्यावी की पावडर? आणि होमाच्या वेळी काय करायचं? लेन्स वापरणाऱ्यांनी आणि नवरीचा मेकअप करणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी नवरीचा मेकअप करते, राजारामपुरीत. सुट्या चमकीला सरळ नाही म्हणा. हस्तकलेची चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे. त्यांच्या कडांनी बुबुळावर ओरखडा उठू शकतो, लेन्सखाली गेली तर जास्तच. मेटॅलिक आयशॅडोचं तसं नसतं. तिच्यात बहुतेक वेळा अभ्रकाची बारीक पूड असते आणि त्या पुडीवर आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर. तांबूस झाक आयर्न ऑक्साइडमुळे येते. म्हणजे तुम्हाला हवी ती झळाळी रंगातच आहे, वरून काही टाकायला नको.

लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि रात्री मेकअप पुसण्याच्या आधी काढायच्या. पापणीवर प्रायमर, त्यावर क्रीमचा रंग बोटाने दाबत बसवायचा, घासायचा नाही. पावडरच असेल तर ब्रश किंचित ओला करून घ्या, कण उडत नाहीत आणि रंगही जास्त उठतो. डोळे आधी पूर्ण करा, फाउंडेशन नंतर. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला मेटॅलिक काहीही लावू नका. नवीन डबी असेल तर काही दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज आली तर वेळेत कळेल.

होमाच्या वेळी करवलीकडे टिश्यूची घडी द्या. पाणी आलं की खालच्या पापणीच्या कडेला नुसतं टिपायचं. आणि गुरुजींना आधीच सांगा की समिधा आणि गोवऱ्या चांगल्या वाळलेल्या हव्यात. धूर जास्त करून ओलसर लाकडाचाच होतो.

धागाकर्ती

खूप आभार. समिधांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, गुरुजी ओळखीचे आहेत, आजच फोन करते. करवली मीच आहे, त्यामुळे टिश्यू माझ्याकडेच राहील. एक विचारायचं राहिलं. मुंडावळ्या कानशिलावरून गालावर लोंबतात. डोळ्याच्या कोपऱ्यातला रंग मोत्यांना लागून गालावर पसरतो का?

प्रतिसाद

पसरतो, क्रीम असेल तर हमखास. म्हणून झळाळी पापणीच्या मधोमध ठेवा, मान खाली असताना दिसतो तो भागही तोच. बाहेरच्या कोपऱ्यात मॅट तपकिरी रंग लावून त्यावर थोडी पावडर दाबा आणि मगच मुंडावळ्या बांधा. दुसरी ट्रायल घ्याल तेव्हा मुंडावळ्या, साज, शालू सगळं सोबत न्या आणि दाराशी उन्हात उभं राहून फोटो काढा. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली तांबूस आणि सोनेरी यातला फरक नीट कळत नाही.