सुट्टीचा शेवटचा अर्धा तास

‘डॉक्टर सकाळी रुग्णाला घरी जायची सुट्टी लिहितात, मग सिस्टर दुपारपर्यंत का बसवतात?’ हा प्रश्न रास्त आहे. बिल, उपचारांचा खर्च देणाऱ्या योजनेची मंजुरी यात वेळ जातोच. पण सोलापुरातल्या रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून शेवटचा अर्धा तास मी मुद्दाम घेते.

मे महिन्यात अक्कलकोटकडच्या एका आजींना इन्सुलिन देऊन घरी सोडायचं होतं. मी मराठीत सांगत होते, त्या मान डोलवत होत्या. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी कन्नडात विचारलं तेव्हा कळलं, इन्सुलिन थंड ठेवायला घरी फ्रिजच नाही, आणि बाहेर ऊन चाळिशीपार! मग मुलाला दाखवलं: कुपी डबीत घट्ट बंद करायची, डबी पाण्याच्या मातीच्या मडक्यात, मडकं सावलीत. सिरिंजमध्ये औषधही त्यालाच दोनदा भरायला लावलं. पहिल्यांदा त्याने चार युनिट जास्त ओढले होते.