मदत हवी आहे: "हे मनातले वाक्य माझेच का?" असे भाऊ विचारतो

नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला गेली चार वर्षे सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा, त्रास आहे. निदान स्किझोफ्रेनियाचे आहे. त्याच्या प्रत्येक हालचालीवर आपसात बोलणारे दोन आवाज ("आता हा उठला", "आता हा दार लावणार") त्याला पूर्वी दिवसभर ऐकू येत असत. औषधांनी ते जवळजवळ थांबले आहेत आणि घरातल्या सर्वांना तो बरा झाल्यासारखा वाटतो. मात्र आवाज गेल्यानंतर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला आहे, त्याविषयी त्याच्याशी कसे बोलावे हे मला कळत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मागच्या आठवड्यात तो वाचत बसला होता. मध्येच थांबून त्याने दोन बोटे ओठांवर टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. काय करतो आहेस, असे विचारल्यावर म्हणाला, "ओठ हलतात का ते बघतोय, ताई. हलले तर वाक्य माझं." आपण सगळेच मनाशी बोलत असतो, आणि ते बोलणे आपलेच आहे याची खातरजमा आपल्याला कधी करावी लागत नाही. त्याला ती जवळजवळ दर वाक्याला करावी लागते. कोणीतरी विचार डोक्यात घालते आहे, असे तो आता म्हणत नाही. वाक्य माझ्याच डोक्यात आहे हे कळते, पण ते मी म्हटले असे जाणवत नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते.

एकदा मी सहज म्हणाले, "माझ्या मनात आलं, आज जरा फिरून येऊ या." त्याने लगेच विचारले, "मनात आलं? कुठून आलं?" आपल्या भाषेत विचार येतात, सुचतात, डोक्यात घोळतात, याकडे तोवर माझे लक्षच गेले नव्हते. आपण असे बिनदिक्कत बोलतो, कारण आलेला विचार आपलाच असणार याविषयी आपल्याला मुळात शंकाच नसते. तेव्हापासून मी त्याच्यासमोर "मी ठरवलं", "मी विचार केला" असेच जपून बोलते. पण असे करणे योग्य आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही.

समजून घेण्यासाठी जमेल तेवढे वाचले आहे. लहान मूल आधी स्वतःशी मोठ्याने बोलते आणि तेच बोलणे हळूहळू आत जाऊन मनातले बोलणे बनते, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉत्स्की यांचे १९३४ सालच्या पुस्तकातले विवेचन मला फार पटले. आवाज ऐकू येणाऱ्या एका रुग्णाच्या घशातून त्याच वेळी अतिशय हळू पुटपुटणे चालू असते, अशी नोंद १९४० च्या दशकात लुई गूल्ड यांनी केली होती. भावाची ती दोन बोटे पाहून मला तीच आठवली. आपल्या हातून होणाऱ्या क्रियेचा परिणाम मेंदू आधीच ताडतो, म्हणून आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही. आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांना मात्र स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श सारखाच तीव्र जाणवतो, असे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या सारा-जेन ब्लेकमोर, ख्रिस फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००० साली दिसून आले. मनातल्या बोलण्याचेही असेच होत असावे, म्हणजे स्वतःचेच बोलणे परके वाटत असावे, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर माझा भाऊ जे सांगतो ते अगदी नेमके सांगतो आहे आणि आम्हीच त्याला "उगाच विचार करत बसू नकोस" म्हणून गप्प करत आलो आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

"हे मी म्हटलं का?" असे त्याने विचारले की "हो, तूच म्हटलेस" असे सांगावे का? मनातले मोठ्याने बोलून पाहण्याचा सराव उपयोगी पडेल, की पडताळणीची सवय वाढेल? आणि डॉक्टरांना हे कसे सांगावे? "आवाज येतात का?" असे त्यांनी विचारले की तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि भेट तिथेच संपते.

प्रतिसाद

मी स्वतः ११ वर्षे या आजारासह जगतो आहे. डॉक्टर नाही, हे ध्यानात घेऊन वाचावे.

"तूच आहेस" हे उत्तर मला घरातून असंख्य वेळा मिळाले आणि प्रत्येक वेळी मी अधिक एकटा पडलो, कारण उत्तर मला माहीत होते, हरवली होती ती जाणीव. विचार माझ्या मनात आहे ही एक गोष्ट आणि तो मी केला ही दुसरी. निरोगी माणसाला त्या दोन्ही एकत्रच मिळतात, म्हणून त्यांच्यातली फट त्याला दिसत नाही. "तुला तसं जाणवत नाहीये, हे मला समजलं" एवढे म्हणालात तरी पुष्कळ आहे. तुम्ही शब्द जपून वापरू नका. माणसे माझ्यासमोर सांभाळून बोलू लागली की मला ते लगेच कळत असे आणि शंका वाढत असे.

ओठांची पडताळणी मीही केली आहे आणि तिने काहीच सुटले नाही, कारण मनातले बरेचसे बोलणे ओठ न हलताच होते. मला उपयोग झाला तो हलकेच गुणगुणण्याचा आणि कोणाबरोबर तरी मोठ्याने वाचण्याचा. त्यात तपासायचे काही नसते आणि आपला आवाज आपल्या कानावर पडतो.

डॉक्टरांसाठी त्याच्याच शब्दांत एक पान लिहून न्या आणि नेण्यापूर्वी ते त्याला वाचायला द्या. स्वत्वाच्या, म्हणजे "हे मी" या जाणिवेच्या, अशाच बदलांविषयी बारकाईने विचारण्याची एक मुलाखत-पद्धत मानसोपचारतज्ज्ञ योसेफ पार्नास आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडली आहे, तेव्हा हा विषय मानसोपचाराला नवा नाही. औषधात स्वतःहून बदल मात्र करू नका, आणि त्याची झोप तुटू लागली किंवा ती वाक्ये हुकूम देऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

धागाकर्तीकडून

मनापासून आभार. तो सांगत गेला आणि मी लिहून घेतले. डॉक्टरांनी ते पान शांतपणे वाचले आणि या वेळी पाऊण तास त्याच्याशी बोलले. पुढची भेट १५ दिवसांनी ठरली आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. आदल्या रात्री ते पान मी त्याला वाचायला दिले, तेव्हा चौथ्या ओळीशी थांबून त्याने पेन मागितले, एक वाक्य खोडले आणि म्हणाला, "हे माझं नाही, ताई. मी असं बोलत नाही."