लिलावातून हेडफोन घेताना: नवा की वापरलेला?

प्रश्न

नमस्कार. घरी संगीत ऐकण्यासाठी सेनहायझर एचडी ६०० किंवा एचडी ६५० ईबेवरील लिलावातून घ्यावा, असा विचार आहे. वापरलेले नग बरेच स्वस्त दिसतात. मात्र छायाचित्रांवरून त्यांची खरी अवस्था कितपत कळते आणि बोली कुठवर चढवावी, याचा अंदाज येत नाही. प्रवासासाठी एक ब्लूटूथ हेडफोनही हवा आहे. त्यालाही हाच न्याय लावावा का?

प्रतिसाद १

ही दोन्ही मॉडेल वापरलेली घ्यायला हरकत नाही, कारण त्यांची केबल काढता येते आणि कानावरच्या गाद्याही घरच्या घरी बदलता येतात. गाद्या दबून चपट्या झाल्या की ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा आतला भाग) कानाजवळ येतो आणि आवाजाचा पोतच बदलतो, म्हणून नव्या गाद्यांची किंमत आधी पाहून ती आपल्या बोलीतून वजा करावी. गाद्या काढून आतल्या बाजूचे छायाचित्र मागावे. प्रामाणिक विक्रेता ते सहसा नाकारत नाही. नग हाती आल्यावर आवाज बेताचा ठेवून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर दोन्ही कानांनी ऐकावा. एका बाजूने खरखर आली, तर कित्येकदा ड्रायव्हरच्या पडद्यावर अडकलेला एखादा केसच त्याला कारण असतो. ‘आवाज कमी येतो’ एवढ्याच तक्रारीवरून स्वस्तात काढलेला नग मात्र लगेच बाद करू नये. या हेडफोनांचा रोध ३०० ओहम, म्हणजे बराच जास्त असतो, त्यामुळे साध्या फोनवर ते दबकेच वाजतात आणि दोष हेडफोनचा नसण्याचीही शक्यता असते.

प्रतिसाद २

ब्लूटूथला हा न्याय लावू नये. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही जुनी होते. त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेला सीलबंद नगही खऱ्या अर्थाने नवा नसतो. शिवाय लोकप्रिय ब्रँडच्या नकला याच प्रकारात फार. अनुक्रमांक उत्पादकाकडे पडताळता येत नसेल, तर हात आखडता घ्यावा. माझ्या मते प्रवासासाठी अधिकृत विक्रेत्याकडून नवाच घ्यावा.

प्रतिसाद ३

बोलीविषयी थोडे. चालू लिलावांतील आकडे पाहून किंमत ठरवू नये. विक्री पूर्ण झालेल्या नगांची यादी वेगळी पाहता येते, खरा भाव तिथेच कळतो. त्यावरून आपली कमाल रक्कम ठरवून ती एकदाच नोंदवावी. ईबेची यंत्रणा ती पूर्ण रक्कम लगेच लावत नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतीच बोली आपल्या वतीने वाढवते. शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही, कारण इतरांना चढाओढीच्या भरीला पडायला वेळ उरत नाही. पण दोघांची कमाल रक्कम सारखी निघाली, तर आधी नोंदवणारा जिंकतो. टपालखर्च आणि परदेशातून येत असल्यास आयातशुल्क कमाल रकमेतच धरावे. संकेतस्थळाबाहेर पैसे मागणाऱ्याशी व्यवहार करू नये, कारण तसे केल्यास खरेदीदाराला मिळणारे संरक्षण हातचे जाते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ब्लूटूथचा विचार लिलावातून काढून टाकला आहे. एका एचडी ६५०च्या विक्रेत्याकडे गाद्यांच्या आतले छायाचित्र मागितले आहे. ते आले की मगच बोली नोंदवीन.