आई-बाबांच्या रेकॉर्डी आणि गोव्याचा पाऊस : अनुभव धागा

गोव्यातल्या जुन्या घरांत रेकॉर्डींचं कपाट उघडलं की एकाच फळीवर केसरबाई केरकर, दीनानाथ मंगेशकर, अभिषेकीबुवांची नाट्यपदं, लोर्नाची कोंकणी गाणी आणि तारवट्यांनी, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्या गोंयकारांनी, बाहेरून आणलेले फाडो (पोर्तुगीज गाणी) सापडतात. आपल्या कानांवर पहिले सूर पडले ते यांतलेच. आठवणी दुसरीकडे लिहूच. इथे फक्त हा ठेवा वाजता कसा ठेवायचा ते लिहा : काय करायचं, किती, आणि बिघडतं कुठे. (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नळ्यांचं घर

आधी कपाट, मग बाकीचं. चिऱ्याची भिंत जूनपासून पाणी ओढत असते. पावसाचा मारा येतो त्या नैऋत्येच्या भिंतीला कपाट नकोच. दुसऱ्या भिंतींपासूनही चार बोटं सुटं ठेवा म्हणजे मागून वारं खेळतं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. ती आधी कागदी पाकिटावर येते, मग चरांत, म्हणजे सुई फिरते त्या बारीक खाचांत, उतरते. छोटा आर्द्रतामापक आत ठेवून काटा ५०च्या आसपास राहील असं बघा.

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात वाया जातात, कारण त्या अख्ख्या खोलीची ओल पीत बसतात. घट्ट झाकणाच्या पेटीतच त्यांचा उपयोग. निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर दोनेक तास भाजून परत वापरा. मोठ्या कपाटाला तळाशी झिरोचा साधा दिवा लावावा. एलईडी नको, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. दिवा रेकॉर्डींपासून वीतभर तरी लांब.

रेकॉर्डी उभ्याच ठेवा. आडव्या थप्पीत खालची लाखेची (जुनी, मिनिटाला ७८ फेऱ्यांची) फुटते आणि विनाइलची (नंतरची, प्लास्टिकची) वाकते. एलपींच्या (३३ फेऱ्यांच्या मोठ्या विनाइल रेकॉर्डींच्या) फूटभर लांब ओळीचं वजन वीस किलोच्या घरात जातं, तेव्हा फळी तशी जाड घ्या.

बावीकाठ

धुण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त रेकॉर्डी प्रेमाने धुतानाच मरतात.

धुण्याआधी लाखेची की विनाइलची ते ठरवा. लाखेची जड आणि ताठ असते, कडेला नखाने टिचकी मारली तर काचेच्या बशीसारखी वाजते. विनाइल नुसती 'थप' करते. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट, कोलन वॉटर, सॅनिटायझर यांतलं काहीही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बोळा फिरवला की तिथला चर गेला, त्याबरोबर तिथला आवाजही गेला.

पाणी विहिरीचं नको, नळाचंही नको. त्यातले क्षार चरांत बसून नंतर करकरतात. पेट्रोल पंपावर मिळतं ते बॅटरीचं पाणी घ्या. लिटरभर पाण्यात बिनवासाच्या द्रव साबणाचे तीन थेंब, चौथा नको. फेस धुऊन निघत नाही.

बुरशी असेल तर ती आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, अंगणात, नाकाला फडकं बांधून. घरात झाडली तर तीच बुरशी बाकीच्या पाकिटांवर जाऊन बसते. मग लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरून मऊ ब्रश चरांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. त्यानंतर साध्या बॅटरी-पाण्याने दोनदा खंगाळा. लाखेची रेकॉर्ड मिनिटभराच्या वर ओली ठेवू नका. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती पाणी धरते. भांडी निथळायच्या जाळीत उभी करून पंख्याखाली वाळवा, उन्हात नको. नवं पाकीट दुसऱ्या दिवशी.

हे सगळं पावसात करू नये. नरकासुर जळल्यापासून शिगम्यापर्यंतचे, म्हणजे दिवाळी ते होळीचे, कोरडे महिने हाच याचा हंगाम.

सुईघर

७८च्या रेकॉर्डीचा चर रुंद असतो, त्याला ३ मिल म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही बारीक. ती ७८वर ठेवली की चराच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट केलं तर एलपी कायमची जाते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी वाजवून बघणं तर मुळीच नको, त्याच्या सुई धरणाऱ्या डोक्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं. तिथे फक्त ७८, आणि पोलादी पिन एका बाजूला एकच; झिजलेल्या पिनेला छिन्नीसारखी धार येते.

अभिषेकीबुवांच्या संगीताची 'मत्स्यगंधा' १९६४ची, 'कट्यार' १९६७ची. त्या काळात ३३, ४५ आणि ७८ अशा तिन्ही गतींच्या रेकॉर्डी घरांत एकत्र आल्या. म्हणून सुई ठरवताना रंगावर जाऊ नका, लेबल वाचा.

दीड इंची

तारवट्यांच्या ४५मध्ये अमेरिकन असतील तर मधलं भोक दीड इंचाचं असतं. त्याला प्लास्टिकची चकती मिळते. पुठ्ठा कापून बसवला तर केंद्र सरकतं आणि सूर हेलकावे खातो.

काळी एक

गतीबद्दल कोणीच लिहिलं नाही. ७८ची तबकडी ७४ने फिरली तर हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गाणारा गायक उतरून पांढरी एकच्या जवळ येतो, आणि आपण वर्षानुवर्षं तोच त्याचा आवाज समजतो. गतीच्या रेषांची चकती छापून घ्या : ५० हर्ट्झच्या विजेला ७८साठी ७७ रेषा, ३३साठी १८०. ती फिरत्या तबकडीवर ठेवून चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बघा. रेषा स्थिर दिसल्या की गती बरोबर. बहुतेक एलईडीखाली हे दिसतच नाही.

केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर गेली. तिच्या झाकणावर एक फेरी ३.६ सेकंदांत हेही कोरलेलं आहे, सोबत सुईसुद्धा दिली आहे. केरीच्या या बाईंचा सूर ताऱ्यांकडे योग्य गतीने जातो आहे, तर घरातही तो तसाच ऐकू यायला हवा.

सोपो

पेटीतला जुना प्लेअर फिरतो पण आवाज येत नाही, अशी तक्रार गोव्यात नेहमीची. बहुतेक वेळा दोष क्रिस्टल कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसते त्या छोट्या भागाचा असतो. त्यातला रोशेल मिठाचा स्फटिक दमट हवेत विरघळतो, दुरुस्त होत नाही. त्याच मापाची सिरॅमिक बसवा, तिला ओल बाधत नाही. दर फेरीला 'धप' ऐकू आलं तर दोष रेकॉर्डचा, चऱ्याचा नाहीतर टवक्याचा. त्याहून भराभर 'धपधप' असेल तर आतलं रबरी चाक एका जागी चपटं झालंय. ते स्पिरिटने पुसा, तेल लावू नका. घसरून गती जाईल. चपटेपणा पुसून जात नाही, चाक बदलावंच लागतं.

बावीकाठ

तडा गेलेली ७८ची रेकॉर्ड चिकटवून वाजवावी का, असं विचारलं होतं. डिंक, फेविक्विक काही नको. चरात गेला की सुई उडते. तबकडी पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरून प्लेअरपर्यंत न्या, मग एकदाच, हलक्या भाराने वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या : ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, खरखर न काढता. फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स (साच्याचा) क्रमांक, दोन्ही लिहा. लेबल बुरशीने खाल्लं तरी कोरलेला क्रमांक राहतो.