'स्टॅटिक' जोडणीचा प्रोग्रॅम 'स्वयंपूर्ण' म्हणावा का?

मूळ प्रश्न

एका प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे आणि एकाच वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. माझा कच्चा खर्डा असा: 'हा प्रोग्रॅम स्थिरपणे जोडलेला असल्याने स्वयंपूर्ण आहे व जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशी मागास-सुसंगत आहे.' वाचताना माझं मलाच हसू येतं. 'स्टॅटिकली लिंक्ड'ला तुम्ही काय म्हणता? आणि 'बॅकवर्ड कम्पॅटिबल'साठी घेतलेल्या 'मागास'ला काही पर्याय?

प्रतिसाद

'मागास' आधी काढा. तो शब्द आपल्याकडे समाजाच्या आणि विकासाच्या चर्चेत इतका रुतलाय की सिस्टिमला लावला की शिवी वाटते.

'स्टॅटिक'साठी शाळेच्या पुस्तकांतला 'स्थितिक' आहे (स्थितिक विद्युत आठवा). पण 'स्थितिक जोडणी' म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 'स्थिर जोडणी' तर आणखी घोटाळ्याची. उद्या कोणी विचारेल, दुसरी काय हलते का?

प्रतिसाद

शब्द शोधण्याआधी क्रिया बघू या. प्रोग्रॅम कंपाइल झाला (मशीनच्या भाषेत आला) की लिंकर हे साधन त्याला लायब्ररीतली, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातली, फंक्शनं जोडून देतं. डायनॅमिक पद्धतीत फाइलमध्ये फक्त नावं राहतात. प्रोग्रॅम सुरू होताना त्या त्या मशीनवरची लायब्ररी हुडकून काम भागवलं जातं. म्हणजे उसनवारी. स्टॅटिक पद्धतीत लागणारा कोड फाइलमध्येच भरला जातो. मी बोलताना 'अंगभूत' म्हणतो: 'लायब्ररी अंगभूत आहेत.' अंगभूत गुण म्हणतो ना आपण, तसंच. फाइल जाडजूड होते, हेही त्या शब्दात आपसूक येतं.

प्रतिसाद

'अंगभूत' आवडला. पण माझा आक्षेप 'स्वयंपूर्ण'वर आहे, आणि तो नुसता शब्दाचा नाही.

उसनवारीत काय बिघडतं ते आधी सांगतो. ग्लिबसी ही लिनक्सवरची सगळ्यांत जास्त वापरातली सी लायब्ररी (सी भाषेची मूलभूत फंक्शनं देणारी). तिच्या फंक्शनांना आवृत्तीचे शिक्के असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनालाच नवा शिक्का लागला. त्यामुळे नव्या मशीनवर बांधलेला (बिल्ड केलेला) दोन ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा जुन्या मशीनवर 'ग्लिबसी २.३४ नॉट फाऊंड' म्हणून पडतो. त्या दोन ओळींत २.३४ मधलं नवीन काहीही वापरलेलं नसतं!

मग मी शहाणपणा केला, सगळं स्टॅटिक बांधलं आणि २.६.३२ कर्नलच्या (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एका म्हाताऱ्या सर्व्हरवर नेलं. एंटर दाबला. एकच ओळ आली: 'फेटल: कर्नल टू ओल्ड'. अंगात भरलेल्या ग्लिबसीनेच उठल्या उठल्या कर्नलचं वय विचारलं आणि पाठ फिरवली. २.२६ पासून तिला किमान ३.२ कर्नल लागतो. लायब्ररी माझ्यासोबत होती, पण फाइल उघडायला, मेमरी मागायला, नेटवर्कला हात लावायला शेवटी कर्नलच्याच दारात जायचं. मग स्वयंपूर्ण कसला?

प्रतिसाद

त्यात भर: ग्लिबसी स्टॅटिक जोडून 'गेटअ‍ॅड्रइन्फो' (नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन) वापरलं की लिंकरच इशारा देतो, की चालवताना ज्या आवृत्तीशी जोडलं तिच्याच शेअर्ड (उसन्या घ्यायच्या) लायब्ररी मशीनवर लागतील. नावावरून पत्ता शोधायची यंत्रणा ग्लिबसी आयत्या वेळी बाहेरून उचलते. म्हणजे घर सोडून वेगळं राहिलो, पण जेवायला रोज जुन्याच घरी. 'मसल' ही दुसरी सी लायब्ररी इथे सरळ आहे. पत्ते शोधायचा कोड तिच्यातच आहे आणि २.६ च्या कर्नलवरही ती चालते. स्टॅटिक बांधायचं असेल तर मी तरी तिच्याकडेच जातो.

प्रतिसाद

लिनक्सवर निदान कर्नलचं दार बदलत नाही. एकदा दिलेली सिस्टिम कॉल (कर्नलकडे मागणी करायची ठरलेली रीत) मोडायची नाही, हा तिथला दंडक आहे. मॅकवर ती हमी अ‍ॅपल देत नाही. तिथे सिस्टिमच्या लायब्ररीतूनच आत जायचं. गो भाषेचे प्रोग्रॅम पूर्वी थेट कर्नलला गाठत. २०१६ मध्ये सिएरा ही मॅकच्या सिस्टिमची आवृत्ती आली, वेळ विचारायच्या कॉलची रीत बदलली आणि आधी बांधलेले प्रोग्रॅम कोसळू लागले. गो १.१२ पासून त्यांनीही लायब्ररीचाच रस्ता धरला. लक्षात घ्या, हे उलट्या दिशेचं उदाहरण झालं: जुना प्रोग्रॅम, नवी सिस्टिम.

विंडोजवर तर सी रनटाइम (तिथली सी लायब्ररी) अंगभूत करा नाहीतर आणखी काही, कर्नल३२ ही डीएलएल (विंडोजची शेअर्ड लायब्ररी) उसनीच राहते. 'गेटटिककाउंट६४' हे फंक्शन एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून आलं. ते वापरलंत की एक्सपीवर 'प्रोसीजर एंट्री पॉइंट' सापडत नसल्याची खिडकी उघडणार. व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ या प्रोग्रॅम बांधायच्या साधनाची तऱ्हा आणखी न्यारी: फाइलच्या मथळ्यात सबसिस्टिमची आवृत्ती (म्हणजे किमान कोणतं विंडोज हवं) आपणहून ६.० लिहिते. एक्सपीची आवृत्ती ५.१. कोड कितीही साधा असो, एक्सपी फाइल उघडायलाच नकार देते.

प्रतिसाद

वरची 'उलटी दिशा' हाच 'बॅकवर्ड कम्पॅटिबल'मधला खरा गोंधळ आहे. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतो तेव्हा बॅकवर्ड कम्पॅटिबल असते ती सिस्टिम. प्रश्नात मात्र नवा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर चालवायचा आहे. त्याचं श्रेय सिस्टिमला नाही, बांधणाऱ्याला. नवं काही मागायचं नाही हे पथ्य त्याने पाळलेलं असतं. दोन्हींना एकच 'सुसंगत' लावलं की वाचणारा फसतो.

शिवाय 'सुसंगत' म्हणजे मराठीत आधी आठवतं सुसंगत विधान, सुसंगत मांडणी. आतल्या आत विरोध नसलेलं. दोन वेगळ्या गोष्टींचं एकमेकींशी जमणं त्यात नंतर चिकटलंय. मी सरळ 'जुन्यावरही चालतो' लिहीन.

प्रतिसाद

'चालतो' बोलायला ठीक. पुस्तिकेत 'जुन्या' म्हणजे किती जुन्या? तिथे 'किमान' हाच शब्द कामाचा. गो १.२१ ला किमान विंडोज १० लागतं, रस्ट भाषेच्या १.७८ लाही तेच. दोन्हींची रनटाइम प्रोग्रॅममध्ये भरलेलीच असते, तरी. विशेषणं गाळा आणि आकडा लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

बांधणाऱ्यांना विचारलं. ग्लिबसीच आहे, २.२६ नंतरची, नेटवर्कशी संबंध नाही. नवं वाक्य: 'लागणाऱ्या सर्व लायब्ररी या प्रोग्रॅममध्ये अंगभूत आहेत; वेगळं काही बसवावं लागत नाही. किमान लिनक्स कर्नल ३.२ हवा.' 'स्वयंपूर्ण' गेला, 'सुसंगत' गेला, 'मागास' तर गेलाच.

प्रतिसाद

छान. फक्त एक. ३.१० कर्नलवाला माणूस हे वाचून म्हणेल, माझा तर ३.२ पेक्षा लहान! आपण शाळेत शिकलेला दशांश इथे लागू नाही; ३.१० हा ३.२ च्या आठ आवृत्त्या नंतरचा. कंसात '३.१० चालेल' एवढं टाकाच.

मूळ प्रश्नकर्ती

टाकलं. मीही तसंच वाचलं असतं.