चर्चा: परक्यांनी आपली कला अभ्यासली, तर आपल्या हाती काय लागतं?

तिसरीघंटा
ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'महाभारत' नाटकावरचा 1989 चा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. मूळ नाटक 1985 साली आविन्यों महोत्सवात, एका दगडाच्या खाणीत झालं होतं, तब्बल नऊ तासांचं. दृश्यं देखणी आहेत, नाही म्हणत नाही. पण गीता काही मिनिटांत उरकलीय! मंडळी भारतभर हिंडली, कथकळी पाहिली, गोष्ट उचलली आणि गेली. नाट्यसमीक्षक रुस्तम भरुचांनी तेव्हाच यावर कडक लिहिलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: 'आंतरसांस्कृतिक संशोधन' म्हणजे बहुतेक वेळा एकतर्फी उचलेगिरी. पटत नसेल तर बोला.

वर्तुळातली
एका ब्रूकपायी सगळ्यांना झोडपू नका. फ्रिट्झ बेनेविट्झ विसरलात? पूर्व जर्मनीतल्या वायमारचा दिग्दर्शक. विजयाबाई मेहतांबरोबर त्याने जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'कॉकेशियन चॉक सर्कल' मराठीत उभं केलं. खानोलकरांनी त्याचं 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं. आणि उलट दिशेनं बाईंनी तिकडे जाऊन जर्मन नटांकडून 'शाकुंतल' करून घेतलं. यात कोणी कोणाचं उचललं?

तिसरीघंटा
दोन्हीकडच्या सरकारांनी तिकिटं काढून दिली की बरोबरी सोपी असते.

अर्धाचौक
तिकिटं राहू द्या. मी ओडिसी शिकते. आठ वर्षं गुरुजी 'त्रिभंगी नीट धर' एवढंच म्हणायचे. त्रिभंगी म्हणजे अंगाला तीन ठिकाणी बाक देऊन उभं राहणं. का, ते कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग युजेनियो बार्बा या नाट्यदिग्दर्शकाचं लिखाण हाती आलं. त्याने 1979 साली नाट्य-मानववंशशास्त्राची, म्हणजे वेगवेगळ्या परंपरांतले नट रंगमंचावर शरीर कसं वापरतात याच्या अभ्यासाची, संस्था काढली. तिच्या सत्रांत ओडिसी नर्तकी संयुक्ता पाणिग्रही जपानी, बाली नर्तकांबरोबर बसून एकेक पाऊल सुटं करून दाखवायच्या. बार्बाचं म्हणणं असं की नोह या जपानी नाट्यप्रकारातला नट गुडघे किंचित वाकवून पाय जमिनीवरून सरकवत चालतो, बॅलेची मुलगी चवड्यावर उभी राहते, ओडिसीत कंबर एका बाजूला जाते, आणि प्रत्येक जण रोजचा तोल मुद्दाम मोडतो. मी लगेच आरशासमोर उभी राहिले. वजन एका पायावर टाकलं, कंबर बाहेर काढली, तर पोटरी थरथरायला लागली. तो ताण इतकी वर्षं मी चूक समजून लपवत होते! हे मला एका इटालियन माणसानं सांगितलं, आणि त्याचा मला जराही कमीपणा वाटत नाही.

तिसरीघंटा
म्हणजे आपलीच कला समजायला इटलीची मोहर हवी?

अर्धाचौक
मोहर नाही, प्रश्न. आमच्या घरात कोणी विचारलाच नव्हता.

पेटारो
मी सिंधुदुर्गातला. आमचा दशावतार. पेटारा, पायपेटी, पखवाज, झांज. जत्रेची रात्र, देवळापुढची जागा. आख्यान ठरतं, संवाद कोणी लिहून देत नाही, नट तिथल्या तिथे बोलतो. बरीच वर्षं झाली, एक अभ्यासक तीन रात्री आमच्या कंपनीबरोबर राहिला. माझे बाबा संकासूर हा राक्षस करायचे, अंगभर काळा वेष, भटजीबरोबर मालवणीतून टोलेबाजी. सगळं रेकॉर्ड झालं. कॅसेट पाठवतो म्हणाला. आली नाही.

तिसरीघंटा
घ्या! हेच म्हणत होतो. गोरे येतात आणि

पेटारो
अरे थांब मेल्या. गोरो खंय? पुण्याचो होतो तो. बाबांचं बोलणं उतरवून घेताना 'खंय गेल्लंस?' खोडून 'कुठे गेला होतास?' लिहायचा. बाबा बघून हसले. म्हणाले, ह्या संकासुराक शाळेत घातल्यानी.

वर्तुळातली
😄 मग घाट चढला की परदेश सुरू म्हणायचं.

तिसरीघंटा
ठीक, पुणेकरही आले यादीत. पण म्हणून ब्रूक सुटत नाही. नटाचं नाव, बिदागी, रेकॉर्डिंगची प्रत हे आधी ठरायला हवं, मग अभ्यासक कुठचाही असो. पाणिग्रहींचं नाव तरी घेतलं जातं. संकासुराचं कोण घेतं?

अर्धाचौक
हे मान्य. हेच आधी लिहिलं असतंत तर मी एवढी भांडले नसते.

पेटारो
भांडा तुम्ही. माझं एक काम करा. कोणाच्या कपाटात, ग्रंथालयात दशावताराच्या जुन्या कॅसेटी असतील तर कळवा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहेत आमच्याकडे, पण संकासूर काळ्या बुरख्यात, चेहरा दिसत नाही. आवाज तेवढा त्या कॅसेटीत आहे.